रणगाड्यावरचं बारसं

माझ्या भाचीचं बारसं रणगाड्यावर झालं, असं मी सांगते तेव्हा नायगावच्या बायका एकमेकींकडे बघून हसू दाबतात. दाबू द्या. मी पारूबाई, अंगणवाडी चालवते. पोरांना खिचडी भरवून आणि गाणी म्हणवून माझा आवाज असा झालाय की मला मध्येच तोडायची कुणाची हिंमत होत नाही. तेव्हा सगळं सांगूनच थांबते.

आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाला पाळण्यात घालायचं, आत्याने वाकून कानात नाव सांगायचं, मग ते चारचौघांत मोठ्याने सांगायचं. तोवर ते नाव कुणी तोंडातून काढायचं नसतं. मनात कितीही घोळवा, पण ओठावर आणायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, आणि म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

माझा भाऊ नरसिंग फौजेत रणगाडा चालवतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे भाऊ कमी आणि लेक जास्त. तो माझ्याच कडेवर वाढला. त्याच्या बायकोला, पंचशीलाला, लातूरला रेल्वेने पाणी आलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात मुलगी झाली. पावसाळा म्हणायचं ते फक्त कॅलेंडरात होता म्हणून. नरसूने वाळवंटातून फोन केला, "अक्का, मी आल्याबिगर बारसं करायचं न्हाई. मला माझ्या डोळ्यानं बघायचं हाय." आम्ही म्हटलं, बरं. दिवाळीला त्याची सुट्टी मंजूर झाली आणि ऐनवेळी सराव लागला, म्हणून रद्द झाली. मग संक्रांतीनंतर येतो म्हणाला, तर त्याचा रणगाडा मोठ्या दुरुस्तीसाठी पार मद्रासजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात न्यायचा ठरला आणि रणगाड्याबरोबर त्यालाही जावं लागलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आमच्या नकटीचं तर बारसंच अडलं होतं. पोरगी बसायला लागली, रांगायला लागली, तिला दोन दात आले, आणि सगळे तिला नुसतं 'बाळी' म्हणत होते.

नाव मात्र माझं ठरलेलं होतं. सरजा.

आमची आई सरजाबाई. बाहत्तरच्या दुष्काळात मी तान्ही होते, तेव्हा मला पाटीत झोपवून तिने सडकेच्या कामावर खडी फोडली. पुढे मला शिकवलं, नरसूला शिकवलं. नरसू फौजेत लागला त्या दिवशी ती गावभर न बोलता नुसती हिंडून आली, कारण बोलली असती तर रडली असती. नरसूचं लग्न काही तिला बघायला मिळालं नाही. आता तिचं नाव त्या घरात पुन्हा ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. यात कुणाला काय वावगं दिसेल?

पंचशीलाला दिसलं. ती मुदखेडची, डी.एड. झालेली, शांत बाई. शांत बायकांची मला भीतीच वाटते. हिवाळ्यात तिने फोनवर हळूच विचारलं होतं, "अक्का, उत्पला कसं वाटतं? बुद्धाच्या काळातल्या एका भिक्खुणीचं नाव हाय. निळं कमळ."

मी म्हणाले, "नाव हाय का खोकल्याचं औषध?"

"ठेवते फोन," ती म्हणाली. मला वाटलं, विषय मिटला.

मे महिन्यात एका संध्याकाळी नरसूचा फोन आला. दुरुस्ती झाली होती आणि रणगाडे मालगाडीवर चढवून परत वाळवंटाकडे निघाले होते. नेहमीच्या मार्गावर काहीतरी काम चालू होतं, म्हणून गाडी विकाराबादवरून वळवली होती.

"अक्का, उद्या दुपारच्याला गाडी उदगीरवरनं जाणार. थांबंल का न्हाई ठाव न्हाई. आन् हे कुणाला सांगायचं नसतंय."

"मग मला कशाला सांगून राहिलास?"

"तू काय 'कुणी' हाईस व्हय?"

त्या एका वाक्यावर मी जिवाला जीव द्यायला तयार झाले. पहाटेच नायगाव सोडलं. हातात पिशवी आणि काखेत वीस लिटरचा पाण्याचा कॅन. त्या वर्षी माहेरी साडीचोळी घेऊन गेलं तर लोक 'ठेव तिकडं' म्हणायचे आणि पाणी घेऊन गेलं तर दारापर्यंत सामोरे यायचे. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. उदगीरकडच्या खेड्यांत पिंपांना कुलपं होती. पाहुण्याला पाणी विचारलं की पाहुणा शहाण्यासारखं 'आत्ताच पिऊन आलो' म्हणायचा, मग त्याची जीभ टाळूला का चिकटलेली असेना.

माहेरी पोचले तर आमचे वडील, आबा, केरबा त्यांचं नाव, आधीच घुगऱ्या शिजवून बसलेले. बारशाला घुगऱ्या वाटायच्या असतात. हरभरे रात्री भिजवले होते आणि त्याच पाण्यात शिजवले होते. एक थेंब वाया नाही. पंचशीलाने पोरीला काजळ लावलं, पिवळं झबलं घातलं. मी पिशवीतून आईचं जुनं हिरवं लुगडं काढलं, पाळण्यात अंथरायला म्हणून आणलेलं. ते बघून पंचशीलाच्या चेहऱ्यावर ढग आला. मी तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं.

"पाळणा कसा न्यायचा?" आबांनी विचारलं.

"पाळणा न्यायला ती काय बोगी हाय का, मालगाडी हाय," मी म्हणाले. "झोळी करू. टांगायला काहीतरी मिळंलच."

उदगीर स्टेशनवर ऊन नुसतं वाजत होतं. बाहेर भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं रंगवलं होतं. त्या काळात नव्या जिल्ह्याची बोलणी जोरात होती. आज होणार, उद्या होणार. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या आबांनी पेढे खाल्ले होते, आता हे पेढे तरी दात पडायच्या आधी मिळावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

स्टेशन मास्तर पंचाक्षरी हे भालकीकडचे कानडी गृहस्थ, मराठी बोलायचे पण प्रत्येक वाक्य कानडीच्या चालीवर यायचं. मी त्यांना विचारलं, फौजेची गाडी इथे थांबणार का.

"कुठली फौजेची गाडी?" ते म्हणाले. "अशी कुठली गाडी नाही रीऽ. मला काही माहीत नाही."

"बरं. मग जी गाडी न्हाई, ती किती वेळ थांबंल?"

पंचाक्षरींनी माझ्याकडे बघितलं, आबांच्या डोक्यावरच्या घुगऱ्यांच्या पातेल्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "पुढं लातूरला पाण्याची गाडी रिकामी होऊन राहिली आहे. ती गेल्याशिवाय ह्या गाडीला लाइन मिळत नाही. हिच्यावरचा माल डब्यापेक्षा रुंद आहे ना. शेजारच्या लाइनवर कुणी असलं की हिला अलीकडंच उभं राहावं लागतं. मला फोन आला की सिग्नल द्यायचा. दहा मिनिटं पण लागतील, दोन तास पण लागतील. तीन नंबरच्या लाइनवर घेतो. पण मी तुम्हाला काही सांगितलं नाही."

आबा हसले. "म्हंजी रणगाडा पाण्याला वाट देऊन राहिला."

"देणारच ना अप्पा. तहान काय लढाईला थांबते?"

आणि मग ती आली. सावकाश, नव्या नवरीसारखी. एकामागे एक, डब्यांऐवजी सपाट वाघिणी आणि प्रत्येकीवर ताडपत्री बांधलेलं एकेक धूड, वाघिणीच्या दोन्ही कडांच्या बाहेर आलेलं. रूळ कण्हत होते. मी टीव्हीवर सव्वीस जानेवारीला रणगाडे बघितलेत. तिथे ते खेळण्यासारखे वाटतात. इथे मला आमच्या समाजमंदिराला चाकं लावून आणल्यासारखं वाटलं. माझ्या पायाखालची खडी थरथरत होती आणि भाची मात्र मजेत अंगठा चोखत होती.

नरसू चौथ्या वाघिणीवर उभा होता. उन्हाने काळा ठिक्कर पडलेला, मिशा वाढलेल्या. गाडी पुरती थांबायच्या आत त्याने आम्हाला हात केला आणि मग त्याला काय करावं सुचेना. त्याने तोंड फिरवून रणगाड्याची दोरीच घट्ट करायला घेतली. आम्ही रूळ ओलांडून वाघिणीखाली जाऊन उभे राहिलो.

"जय भीम, आबा," तो वरून म्हणाला.

"जय भीम. उतर की खाली."

"उतरता येत न्हाई. ड्युटी हाय."

"मग आम्ही चढतो," मी म्हणाले.

तेवढ्यात बंदूकवाला जवान धावत आला आणि त्याच्यामागे त्यांचे वरिष्ठ, रिसालदार साहेब. उंच, पिळदार मिशांचे, बाडमेरकडचे राजपूत. त्यांनी आम्हाला हिंदीत सांगितलं की फौजी मालाजवळ यायला मनाई आहे, मागे व्हा. मी माझ्या दख्खनी हिंदीत सांगितलं की साहेब, मालाजवळ कोण आलंय, आम्ही आमच्या माणसाजवळ आलोय. माल मध्ये आला त्याला आम्ही काय करणार.

"कौन हो आप?"

"मैं इसकी बड़ी बहन. ये इसका बाप. ये इसकी बीवी. और ये इसकी लड़की, जिसका अभी तक नाम बी नहीं हुआ, क्योंकि तुम्हारा रणगाडा छुट्टी नहीं देता."

रिसालदार साहेबांनी पोरीकडे बघितलं. तिने अंगठा काढला आणि दोन दात दाखवले. साहेब जरा वेळ मिशीला पीळ देत उभे राहिले. मग म्हणाले, "मेरी बेटी का नाम मुझे टेलीफोन पे पता चला था. तब वो चलने लगी थी." आणि बंदूकवाल्याकडे वळून म्हणाले, "मैं स्टेशन मास्टर के यहाँ चाय पीने जा रहा हूँ. औरतें और बुज़ुर्ग ऊपर बैठ सकते हैं. तिरपाल कोई नहीं खोलेगा, फोटो कोई नहीं खींचेगा."

आबांना दोन जवानांनी वर घेतलं, मला वर घ्यायला तीन लागले. पोरगी हातोहात वर आली. मी रणगाड्याच्या अंगावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. त्याच्या तोंडाशी ताडपत्री जरा सुटली होती आणि तिथे पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं.

"ते काय लिवलंय?"

"बिजली," नरसू अभिमानाने म्हणाला. "आमच्या गाडीचं नाव. आम्हीच ठेवलं. नारळ फोडून, पेढे वाटून. समद्या रणगाड्यास्नी नावं हायती."

"म्हंजी लोखंडाचं बारसं झालं," मी म्हणाले, "आन् पोरीचं राहिलं."

नरसू ओशाळला, पण रणगाड्याची बाजू घेतल्याशिवाय त्याला राहवेना. हा अर्जुन जातीचा आहे, आपल्या देशात आपल्या लोकांनी बनवलेला. बाहेरचे रणगाडे हाडं खिळखिळी करतात, हा वाळूच्या टेकड्यांवरून असा जातो की आत भरलेला तांब्या ठेवला तर हिंदकळत नाही. लोक म्हणायचे लई जड हाय, लई दिस लागले, होणार न्हाई. झाला की.

"बनवायला किती वर्सं लागली?" आबांनी विचारलं.

"तीस-पस्तीस."

"मग आपल्या जिल्ह्याला आजून टाइम हाय," आबा म्हणाले, आणि सगळे जवान हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आबांच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं, आणि पातेलं उघडणाऱ्या माणसाच्या विनोदाला लोक हसतातच.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग पंचशीलाने पोरीला नरसूच्या हातात दिलं.

पोरीने एकदा त्याच्या मिशीकडे बघितलं, एकदा टोपीकडे, आणि असा टाहो फोडला की लांबच्या प्लॅटफॉर्मवरचे हमाल उठून बसले. नरसूने तिला हलवलं, थोपटलं, टोपी काढली, शिट्टी वाजवली. ती आणखीच ताणून रडायला लागली, पाठ कमानीसारखी वळवून, हात आईकडे पसरून. "ए बाळी, ए सोन्या," तो म्हणत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. शत्रूसमोर उभा राहणारा माझा भाऊ दोन दातांच्या पोरीसमोर रडवेला झाला होता. मला तर त्याचं तोंड बघवेना.

"उत्पला," पंचशीला घाईने म्हणाली. "ए उत्पला, रडू न्हाई, हे बघ, हे बघ."

पोरगी गप्प झाली. तिने मान वळवून आईकडे बघितलं. अगदी शहाण्यासारखं, हाक मारल्यावर माणूस बघतो तसं.

पंचशीलाने जीभ चावली, पण जीभ चावायला उशीर झाला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "पहिल्यापासून, अक्का. आम्ही दोघीच असलो की. मी लई अडवलं सोताला. पण दिवसभर लेकराशी बोलायचं आन् नावच घ्यायचं न्हाई, ते मला जमलं न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मान माझा, हक्क माझा, नाव माझ्या आईचं, आणि इथे माझ्या पाठीमागे सगळं उरकून मोकळे. मग मला नायगावहून पाण्याचा कॅन घेऊन बोलावलं कशाला? मी लुगडं पिशवीत कोंबलं आणि खाली उतरायला निघाले. म्हणजे उतरायला निघाले असं दाखवलं; तीन माणसांशिवाय मला उतरता येत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"अक्का," नरसू म्हणाला. पोरगी त्याने बायकोकडे परत दिली होती आणि त्याचे हात रिकामे लोंबकळत होते. "तू सांगशील तेच नाव. आपल्या आईचं म्हण न्हाईतर काय बी म्हण. तू सांगेपत्तुर मी कोणतंच नाव तोंडातनं काढणार न्हाई, आपली रीत हाय ती. माझं एवढंच मागणं हाय बघ. मी हाक मारली की तिनं माझ्याकडं बघावं. एकदा. मग पुढं सुट्टी मिळंपत्तुर मी ते पुरवून पुरवून वापरीन."

मी लुगडं परत बाहेर काढलं.

झोळी टांगायला त्या वाघिणीवर एकच गोष्ट होती. तोफ. ती मागच्या बाजूला वळवून घट्ट बांधलेली होती आणि तिची नळी वाघिणीच्या मोकळ्या फळ्यांवरून लांब गेली होती. बंदूकवाल्या जवानाने माझ्या हातातलं लुगडं बघितलं, नळीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, ये सरकारी तोप है."

"बच्ची बी सरकारी नौकर की है," मी म्हणाले. "तिरपाल हम नहीं खोल रहे. ऊपरसेच बाँध रहे."

साहेब चहा पीत होते. जवानाने साहेबांच्या दिशेने बघितलं. साहेबांनी पाठ फिरवली. मग त्याच जवानाने लुगड्याला अशी गाठ मारली की तिच्यावर म्हैस टांगली असती तरी सुटली नसती. आईचं हिरवं लुगडं तोफेवरून खाली आलं, पोरीला त्यात ठेवलं, आणि नरसूने हळूच झोका दिला. पोरगी आधी बावरली. मग वर हलणाऱ्या सावलीकडे बघून हसली. तोफेचा असाही उपयोग होतो हे ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसणार, पण मजबूत बनवली होती, हे मी सांगते.

आबांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. 'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकून जवानांनीही टोप्या काढल्या. मी घसा साफ केला आणि झोळीवर वाकले.

खरं सांगायचं तर वाकले तेव्हा माझ्या ओठावर 'सरजा'च होतं. राग होताच. वाटलं, एकदा कानात घातलं की झालं. लेकरू आहे, नव्या नावाची सवय व्हायला किती दिवस लागतात? महिनाभरात लागेल. लुगड्याला अजून आईचा वास होता. माझे डोळे भरून आले आणि मी श्वास घेतला.

तेवढ्यात इंजिनाने भोंगा दिला.

पंचाक्षरी प्लॅटफॉर्मवरून हात उडवत होते. पाण्याची गाडी लातूर सोडून पुढे निघून गेली होती, लाइन मोकळी झाली होती. रिसालदार साहेब रूळ ओलांडत धावत आले, "उतरो, उतरो, जल्दी." मग नुसती धांदल. पोरीला झोळीतून उचललं, आबांना खाली दिलं, मला खाली दिलं, पातेलं वरच राहिलं. जवानाची ती गाठ काही सुटेना, तेव्हा लुगडंही वरच राहिलं. गाडी हिसका देऊन हलली. नरसू वाघिणीच्या टोकाला उभा राहून वाकून ओरडला, "अक्का, नाव सांगितलंस का तिला?"

"न्हाई," मी ओरडले.

"मग सांग की. काय नाव?"

गाडी चालायला लागली होती. मी सोबत चालत होते, पायाखाली खडी, काखेत रिकामी पिशवी. पंचशीला माझ्या बाजूने चालत होती, पोरीचं तोंड तिच्या खांद्यामागे, गाडीकडे पाठ. ओठ मिटून माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणीही नव्हती. माझा हक्क तिने मान्य केला होता. मी काय म्हणेन ते ती आयुष्यभर म्हणणार होती, हे मला स्पष्ट दिसलं.

मी 'सरजा' म्हणाले तर नरसू आता हाक मारणार 'सरजा'. आणि पोरगी बघणार नाही. कशी बघेल? तिचं नाव ते नाही. महिनाभराने बघेल, पण महिनाभराने नरसू कुठे असेल? माझ्या आईने भर उन्हात खडी फोडली ती लेकरांसाठी, नावासाठी नाही. तिला विचारलं असतं तर तिने माझ्याच पाठीत धपाटा घातला असता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझा आवाज अंगणवाडीचा आहे, तो वाईट वाटण्याला जुमानत नाही.

"उत्पला," मी ओरडले. "तिचं नाव उत्पला. मी ठेवलंय."

पंचशीला जागच्या जागी थांबली.

नरसूने ऐकलं. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि आमच्या शिवारात रानातून हाक घालतात तशी लांब हाक घातली, "उत्पलाऽऽ."

आईच्या खांद्यावरची मान हलली. पोरीने डोकं उचललं, आवाज कुठून आला ते शोधलं, आणि वळून सरळ त्याच्याकडे बघितलं. रणगाड्यापाशी उभ्या असलेल्या, मिशावाल्या, मघाशी तिला रडवलेल्या त्या माणसाकडे. रडली नाही. तोंडातला अंगठा काढून नुसती बघत राहिली.

नरसूने दोन्ही हात वर करून हलवले. त्याच्या शेजारी रिसालदार साहेब आले, त्यांनी हात तोंडाशी नेऊन तीच हाक दिली, राजस्थानी हेल काढून. मग बंदूकवाल्याने दिली. मग मागच्या वाघिणीवरच्यांनी, त्यांच्या मागच्यांनी, प्रत्येकाने आपापल्या मुलखाच्या सुरात. एकेक रणगाडा आमच्यासमोरून सावकाश जात होता आणि प्रत्येकावरून माझ्या भाचीला हाक येत होती. पंचाक्षरी हिरवं निशाण धरून उभे होते, त्यांनीही कानडी वळणाने एकदा म्हणून बघितलं.

पंचशीलाने माझा हात धरला होता. "अक्का, सासूबाईंचं नाव..." ती म्हणायला लागली.

"गप," मी म्हणाले. "पोरीकडं बघ."

शेवटची वाघीण समोरून गेली तेव्हा गाडीचं पुढचं टोक वळणावर होतं. नरसू दिसत नव्हता, नुसतं तोफेवर बांधलेलं हिरवं काहीतरी हलताना दिसत होतं. त्याच्या हाका मात्र अजून येत होत्या, थांबून थांबून, आणि दर हाकेला ती मान वळवून बघत होती.